चांपानेरच्या मांडवीला जाण्यापूर्वी

पावसाळा सरून वाडीतील कामांना थोडी उसंत मिळाली की आपल्या धर्मग्रामांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. वेलंकणी, गोवे, महाबळेश्वर ही नावे ठरलेलीच असतात. यंदा आम्ही वाचकांपुढे एक निराळे ठिकाण ठेवीत आहोत. त्याला थोडा विरोध होईल, हेही आम्ही गृहीत धरले आहे. हे ठिकाण म्हणजे बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, पावागडच्या पायथ्याशी पडून राहिलेले चांपानेर नगर. तेथे मशिदी आहेत, कोट आहे, तलाव आहेत. परंतु आमच्या मनात भरली आहे ती तेथील मांडवी.

मांडवी म्हणजे माल उतरवून घेऊन त्यावर जकात वसूल करण्याची जागा. हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईस मांडवी आहे, आणि खुद्द बडोदे शहराच्या मध्यभागी, चार वेशींकडून येणारे रस्ते जेथे मिळतात तेथेही कमानींची मांडवी उभी आहे. त्या चार वेशींपैकी उत्तरेकडील वेशीचे नावच चांपानेर दरवाजा. म्हणजे बडोद्याच्या मांडवीतून निघावे आणि चांपानेरच्या मांडवीत पोहोचावे, असा हा सरळ मार्ग आहे. चांपानेरची मांडवी एक चौरस इमारत आहे. सारख्या कमानींच्या पाच रांगांवर तिचे छत तोललेले आहे. आज तेथे ना तराजू, ना कारकून, ना बैलगाड्या. तरीही गोणी कोठे टेकवीत असतील, सावलीला कोण उभे राहत असेल, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सहज येते.

जकातीच्या चौकीचे आपल्याला अगत्य का असावे? संत मत्तय अशाच एका चौकीवर बसला होता, म्हणून. प्रभू येशूने त्याला हाक मारली ती मंदिरात नव्हे, प्रार्थनेच्या वेळीही नव्हे. हिशेबाच्या वह्या उघड्या असताना, लोक मनातून शिव्या देत असताना मारली. हे शुभवर्तमान आपण लहानपणापासून ऐकत आलो; पण 'जकातनाका' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बहुधा रस्त्यावरचा आडवा बांबू. दगडी कमानीखाली उभे राहून मुलांना तो प्रसंग पुन्हा सांगितला, तर तो त्यांना अधिक कळेल असे आम्हास वाटते. संत पौलाचेही तेच. अथेन्सला तो दररोज बाजारचौकात जाऊन भेटेल त्याच्याशी वाद करीत असे. त्या चौकाचे उत्खनन १९३१ सालापासून चालू आहे आणि जगभरचे भाविक तेथे जातात. आपल्यापैकी फारच थोड्यांना तेथे जाता येईल. चांपानेरला मात्र एका रात्रीच्या मुक्कामात जाऊन येता येते.

दुसरे कारण आपल्या वसईशी बांधलेले आहे, आणि ते ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली पावागड जिंकला, पायथ्याशी नवे नगर वसविले आणि तेथे आपली राजधानी आणली. त्याचा नातू बहादूरशाह. दिल्लीच्या हुमायूनशी त्याचे वैर जुंपले, आणि एकाच वेळी दोन शत्रू नकोत म्हणून त्याने पोर्तुगीजांशी तह केला. २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. तह झाला ते गलबत होते 'सां मातेउस', म्हणजेच संत मत्तय! जकातनाक्यावरच्या त्या प्रेषिताचे नाव येथेही यावे, हा योगायोग आम्हास मोठा गमतीचा वाटतो. पुढल्याच वर्षी, १५३५ साली, हुमायूनने चांपानेर घेतले. सुमारे ३०० निवडक शिपाई कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून रात्री गडावर चढले आणि स्वतः बादशहाही त्यांच्यात होता. राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली. चांपानेर ओस पडले, बाजारावर रान माजले. बहादूरशाह १५३७ साली दीवजवळ समुद्रात पोर्तुगीजांच्या हातून मारला गेला.

म्हणजे ज्या वादळात चांपानेरचा बाजार उठला, त्याच वादळात वसईला फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या कार्याची वाट मोकळी झाली. आपली जुनी ख्रिस्तमंदिरे एका सुलतानाच्या अडचणीतून उभी राहिली, असे म्हणणे काहींना रुचणार नाही. परंतु देव इतिहासातून काम करतो अशी आपली श्रद्धा असेल, तर तो इतिहास अर्धा वाचून कसा चालेल? एकीकडे घंटा वाजू लागली, दुसरीकडे दुकाने बंद झाली, दोन्ही पाहावे.

तेथे गेल्यावर पाण्याची व्यवस्था अवश्य पाहावी. बारमाही नदीचा आधार नसता हे नगर पावसाच्या पाण्यावर जगले. डोंगरावरून उतरणारे पाणी तलावांत साठविले, विहिरी व टाकी बांधली. नागमोडी पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी एक विहीर तर फार देखणी आहे. आपल्याकडे बावखले बुजवून इमारती उभ्या राहत असताना ज्यांना ते मुकाट्याने पाहावे लागले, त्यांनी या विहिरीच्या काठाशी थोडा वेळ थांबावे.

आता विरोधाकडे वळू. वडीलधारे म्हणतील, पैसे खर्चून पडके दगड कशाला पाहायचे, त्यापेक्षा यात्रा करावी. यात्रेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण यात्रा ही यात्रा, सहल ही सहल; एकीने दुसरीची जागा घ्यावी असे नाही. खरी अडचण आम्हास वेगळीच दिसते. आपल्या सहलींना जातात कोण? नोकरदार मंडळी, शाळेतील मुले, निवृत्त शिक्षक. पहाटे भाजीची टोपली घेऊन गाडी पकडणारी, दिवसभर बाजारात बसणारी आपली आई, मावशी, वहिनी मात्र मागे राहते. एक दिवस बाजार चुकला की ठरलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि वर सहलीची वर्गणी. वास्तविक, उजाड बाजार पाहून त्यातले सर्वांत जास्त ज्याला समजेल असे माणूस तीच. उन्हाची तिरीप कोठवर येते, ओझे कोठे उतरवावे, जागेचा कर कोण मागतो, हे तिला कोणी शिकवावयास नको. तिला घरी ठेवून बाजाराचे अवशेष पाहावयास जाणे हा उलटा न्याय झाला.

म्हणून धर्मग्राम समित्यांना आमची विनंती आहे की तारीख ठरविण्यापूर्वी या भगिनींना विचारावे, नंतर नव्हे. वर्गणी सर्वांना एकच न ठेवता ऐपतीप्रमाणे घ्यावी आणि कोणी किती दिली याची यादी फळ्यावर लावू नये. जी कुटुंबे जाणार नाहीत त्यांनी जाणाऱ्यांच्या वाडीला दोन दिवस पाणी द्यावे, गुरे पाहावीत. हे जमले नाही तर सहल पुढील वर्षी न्यावी. चांपानेर पाचशे वर्षे थांबले आहे.

काळ डिसेंबर-जानेवारीचाच निवडावा. उन्हाळ्यात ते दगड भाजून काढतात. चैत्र व आश्विन नवरात्रात पावागडावर कालिकामातेच्या दर्शनास अफाट गर्दी लोटते, ते दिवस टाळावेत. वसई रोडहून बडोदे सुमारे ३४० किलोमीटर. शुक्रवारी रात्री निघाल्यास शनिवार पूर्ण हाती लागतो. बडोद्याहून पावागडच्या बाजूस बसगाड्या जातात. जामी मशिदीचे दोन उंच मिनार पाहण्याजोगे आहेतच; ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तू असली तरी प्रार्थनेची जागा होती हे विसरून तेथे डबे उघडून बसू नये. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशमूल्य पडत नाही. चांपानेर-पावागड २००४ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत आले, तेव्हा दगडांवर नावे कोरू पाहणाऱ्या तरुणांना बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी वेळीच आवरावे. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, ही गोष्ट काही मंडळींच्या कानावर निघण्यापूर्वीच घातलेली बरी.

रविवारी सकाळी बडोद्यास पवित्र मिस्सा. तेथील धर्मप्रांत १९६६ साली स्थापन झाला. कॅथेड्रल जपमाळेच्या मातेचे आहे. मिस्साच्या वेळा आधी पत्र पाठवून विचाराव्यात. गुजराती मिस्सा मिळाल्यास ती चुकवू नये. अर्ध्याहून अधिक शब्द आपल्याला कळतात. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, त्यामुळे रस्ता विचारण्याची अडचण पडणार नाही. दुपारी सयाजीबागेतील संग्रहालय पाहावे. विश्वामित्रीपलीकडील अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक; तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती या संग्रहालयाचे भूषण आहेत. अकोट्याच्या मातीतून रोमन बनावटीची एक कांस्य मूठही निघाली आहे. भडोच आणि आपले सोपारे या बंदरांची नावे पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात शेजारी शेजारी येतात, हे आठवले म्हणजे ती मूठ इतक्या दूर कशी आली याचे कोडे पडत नाही.

बरोबर पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि न विटणारी शिदोरी घ्यावी. आपली सुकेळी या कामी उत्तम. मांडवीच्या सावलीत बसून ती खाण्यास हरकत नाही. वेष्टन मात्र परत आणावे.