होस्टिंग घेताना टपालाचेही विचारा

गावोगावच्या जमाती, शाळांचे माजी विद्यार्थी, महिलांचे बचत गट, घरातून बिर्याणी मसाला किंवा अत्तर विकणाऱ्या भगिनी, असे अनेकजण आता स्वतःची वेबसाइट करून घेतात. चांगली गोष्ट आहे. पण वेबसाइट झाली की लगेच दुसरी गरज उभी राहते: सर्वांना एकदम ई-मेल पाठवण्याची. कोकणातल्या एखाद्या गावचे निम्मे सभासद मुंबईत असतात, काही कुवेत-दुबईत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली सूचना संध्याकाळपर्यंत शंभर सलाम-दुआंच्या खाली दबून जाते. वार्षिक हिशोब, सभेची नोटीस, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख या गोष्टी ज्याला हव्या तेव्हा शोधून सापडल्या पाहिजेत. त्यासाठी ई-मेल अजूनही उत्तम.

अडचण अशी की होस्टिंग घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो: जागा किती आणि वर्षाचे पैसे किती? पत्रे पोहोचतील का, हे कोणी विचारत नाही. मग सूचना निघते, पाठवणारा निर्धास्त होतो, आणि ती सभासदाच्या स्पॅमच्या कप्प्यात पडून राहते. अर्जाची तारीख निघून गेल्यावर एखाद्या मुलाचे वडील विचारतात, "आम्हाला का कळवले नाही?" कळवलेले असते, पण पोहोचलेले नसते.

असे का होते ते आधी समजून घेऊ. स्वस्त होस्टिंग हे बहुतेक सामायिक असते. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट नांदतात आणि त्यांची पत्रे एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. चाळीतल्या एका बिऱ्हाडाने भानगड केली की पूर्ण चाळीचे नाव खराब होते, तसेच हे. शेजारच्या वेबसाइटने भलतीसलती जाहिरात हजारोंना पाठवली, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो. अशा याद्या ठेवणारी स्पॅमहाऊस ही संस्था १९९८ पासून काम करते आणि जगभरातल्या मेलसेवा तिच्या याद्या पाहून पत्रे अडवतात. आपला काही गुन्हा नसताना आपले पत्र अडते.

म्हणूनच होस्टिंग कंपन्या सामायिक खात्यावर दर तासाला किती पत्रे जावीत याची मर्यादा घालतात. समजा मर्यादा तासाला २०० आहे आणि आपले सभासद १२०० आहेत, तर पत्रे जायला ६ तास लागतील. तेही वरची पत्रे रांगेत थांबत असतील तर. काही ठिकाणी ती रांगेत न थांबता नाकारली जातात. साध्या जीमेल खात्यावरूनही दिवसाला ५०० जणांपुढे जाता येत नाही.

यावर कोणी सुचवतो, "स्वतःचा स्वतंत्र सर्व्हरच घ्या." घेता येतो, पण पत्रे ज्या वाटेने बाहेर पडतात ते २५ क्रमांकाचे पोर्ट गूगल क्लाउड आणि डिजिटलओशनसारख्या कंपन्या बंद ठेवतात आणि अ‍ॅमेझॉनही सुरुवातीला त्यावर निर्बंध ठेवते. शिवाय नव्या पत्त्याला कोणी ओळखत नाही. पहिल्याच दिवशी हजार पत्रे निघाली तर जीमेल संशयाने बघते. थोडी थोडी पाठवून विश्वास कमवावा लागतो, सर्व्हरची देखभाल करावी लागते. जमातीच्या सेक्रेटरीने दुकान सांभाळून हे करावे, ही अपेक्षा आम्हाला योग्य वाटत नाही.

आमचे मत असे: वेबसाइट एका ठिकाणी ठेवावी आणि पत्रे दुसऱ्या ठिकाणाहून पाठवावीत. वेबसाइटसाठी साधे होस्टिंग पुरते. घाऊक पत्रांसाठी त्याच कामाला वाहिलेली सेवा घ्यावी. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनच्या एसईएस सेवेचा मूळ दर हजार पत्रांना १० सेंट आहे. म्हणजे १२०० सभासदांना एकदा पत्र पाठवायला साधारण १०-११ रुपये, अधिक कर. पत्राला जड फाइल जोडली तर खर्च वाढतो, म्हणून अहवाल वेबसाइटवर ठेवून पत्रात फक्त दुवा द्यावा. ही सेवा जोडायला जाणकार माणूस लागतो. तसा कोणी नसेल तर पत्राचा मजकूर, यादी आणि नाव काढण्याची सोय एकत्र देणाऱ्या सेवा मिळतात. त्या महाग पडतात, पण डोक्याला ताप कमी.

होस्ट निवडताना मात्र पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे. तासाची व दिवसाची मर्यादा किती? मर्यादेपलीकडची पत्रे थांबतात की नष्ट होतात? संमतीने पाठवलेल्या घाऊक पत्रांना तुमच्या नियमांत परवानगी आहे का? बाहेरची मेलसेवा जोडू देता का? आणि सर्वांत महत्त्वाचे, डोमेनच्या डीएनएस नोंदी आम्हाला स्वतः बदलता येतात का?

या शेवटच्या प्रश्नावर बरेच काही अवलंबून आहे. एसपीएफ ही नोंद सांगते की आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात. डीकिम ही पत्रावरची मोहोर, वाटेत कोणी फेरफार केला की ती जुळत नाही. आणि या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झाले तर त्याचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोयही मागितली. याहूनेही असेच नियम आणले. आपली संख्या लहान असली तरी तिन्ही नोंदी कराव्यात, त्यात आपलाच फायदा आहे. नोंदी झाल्यावर जीमेलच्या खात्यावर एक पत्र पाठवून 'शो ओरिजिनल' उघडावे. तिन्हींपुढे 'पास' दिसले म्हणजे काम नीट झाले.

डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही आजच पाहावे. बऱ्याचदा ज्या तरुणाने हौसेने वेबसाइट करून दिली, त्याच्याच ई-मेलवर डोमेनची नोंद असते. तो नोकरीला परदेशी गेला, नंबर बदलला, की नूतनीकरणाची आठवण कोणाला पोहोचत नाही. डोमेन संस्थेच्या नावावर असावे आणि पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडे असावा.

हे सर्व केले तरी एक गोष्ट कोणताही होस्ट विकत देऊ शकत नाही, ती म्हणजे वाचणाऱ्याची संमती. पाठवणाऱ्यांच्या पत्रांविरुद्ध स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ नये, असे जीमेल सांगते. १२०० जणांच्या यादीत ही केवळ ४ माणसे! लग्नाच्या नोंदवहीतून, शाळेच्या फॉर्मवरून किंवा कोणाच्या फोनमधून गोळा केलेल्या पत्त्यांवर पत्रे पाठवली, तर चिडून 'स्पॅम' दाबणारे ४ जण सहज निघतील. त्याचा फटका बसेल तो शिष्यवृत्तीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या मुलाला.

म्हणून ज्याने स्वतः नाव नोंदवले त्यालाच पत्र पाठवावे. नाव नोंदवल्यावर एक दुवा पाठवावा, आणि तो दाबणाऱ्याचाच पत्ता यादीत घ्यावा. म्हणजे चुकीचा लिहिलेला किंवा दुसऱ्यानेच भरलेला पत्ता आपोआप गळतो. पत्र कशाबद्दल असेल आणि महिन्यातून किती वेळा येईल, हे आधीच सांगावे. हिशोबासाठी दिलेल्या पत्त्यावर कोणाच्या फ्लॅटची जाहिरात पाठवू नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही हेच तत्त्व धरले आहे: संमती ठरावीक कामासाठी असते आणि ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे हवे. ज्यांचे पत्ते बंद पडून पत्रे परत येतात, ती नावे दर वेळी काढून टाकावीत.

कोणी आपला पत्ता आपल्या हवाली करतो, ती अमानत असते. ती सांभाळणारा होस्ट आणि मेलसेवा निवडावी. येत्या सभेची नोटीस काढण्याआधी दहा घरांत चाचणीचे पत्र पाठवून फोन करून विचारावे: आले का, आणि कोणत्या कप्प्यात आले?