कोच बदलला म्हणून रेडर बदलत नाही, रेड बदलते

प्रो कबड्डी सुरू झाली की आपल्या मोझरीच्या चहाटपरीवर दर दुसरा माणूस कोच असते. पुणेरी पलटणने 2025 च्या हंगामाला अजय ठाकूरला मुख्य कोच केलं, तेव्हाही एकच बोलणं होतं: आता पलटण नुसती तुटून पडते पाहा! 2016 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये इराणविरुद्ध ज्यानं 12 पॉइंट काढले, तो कोच झाला म्हणजे चढाईच वाढणार ना भाऊ.

मले मात्र वाटते, शहाणा कोच चढाई सुधारायची सुरुवात पकडीपासून करते.

हिशेब सोपा आहे. रेडर आउट झाला की बाकावर. तो परत कधी येते? आपल्या टीमनं समोरचा गडी बाद केला तेव्हा. बोनसनं कोणी जिवंत होत नाही. म्हणजे पकड ढिली असली तर तुमचा हुकमी रेडर अर्धी मॅच बाहेरूनच पाहते.

पलटणचंच घ्या. दहाव्या हंगामात बी. सी. रमेश कोच होते. साखळीत 22 पैकी फक्त 2 मॅच हरले, अन् 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 नं हरवून कप घेतला. अस्लम इनामदार बिनधास्त आत घुसायचा, कारण मागे 99 टॅकल पॉइंट काढणारा शादलू उभा होता. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, अस्लम जखमी झाला, अन् टीम प्ले-ऑफलाही पोचली नाही. मग ठाकूर आले. आदित्य शिंदे, पंकज मोहिते यांनी भार वाटून घेतला, टीम फायनलला गेली. दिल्लीकडून 28-31 नं हरली, पण एकाच्या खांद्यावर टीम उभी नव्हती.

आता आपल्याकडे पाहा. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, त्याच जिल्ह्यात गावच्या टीमचा कोच म्हणजे बहुतेक वेळा वर्गणी जमा करणारा. एकच पोट्टा रेड मारते, बाकीचे टाळ्या वाजवतात. करो या मरो आली की तोच, गुडघा सुजला तरी तोच. विशीतच त्याचा खेळ संपते, अन् मग आपण म्हणतो, गावात पोरंच राहिले नाहीत.

म्हणून मंडळाच्या भाऊंना विनंती. यंदा जर्सीचा खर्च थोडा कमी करा, त्या पैशात जाणत्या खेळाडूला महिनाभर सकाळी मैदानावर बोलवा. तिसऱ्या-चौथ्या पोराला सरावात करो या मरोची रेड द्या. अन् गुडघा दुखते म्हणणाऱ्याला बाहेर बसवा, त्याला भित्रा म्हणू नका.

कप येईल न येईल, पोरं तर टिकतील. तुमच्या गावच्या टीममध्ये किती रेडर आहेत? खरं-खरं मोजून कमेंटमध्ये सांगा.