रक्तक्षय : आकडा एक, अर्थ अनेक

खास प्रतिनिधी

हिमोग्लोबिन कमी, परंतु लोहाचा साठा पुरेसा. किंवा हिमोग्लोबिन ठीक, परंतु लोहाचा साठा संपत आलेला. रक्ततपासणीचे असे परस्परविरोधी भासणारे अहवाल हाती पडले की रुग्ण बुचकळ्यात पडतो आणि बहुधा लोहाच्या गोळ्यांवर प्रकरण मिटते. हाच गोंधळ देशपातळीवरील आकडेवारीतही दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. आधीच्या फेरीत (२०१५-१६) ते अनुक्रमे ५३.१ व ४८ टक्के होते. गोळ्यावाटप वर्षानुवर्षे सुरू असताना रक्तक्षय वाढला कसा, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग चाचणीच्या पद्धतीत दडला आहे. या पाहणीत बोटाला सुई टोचून काढलेला थेंब तपासला गेला. बोट दाबल्यास ऊतींमधील द्रव रक्तात मिसळून आकडा चुकू शकतो. शिरेतून रक्त घेणाऱ्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला, तर २०१५-१६ च्या कुटुंब पाहणीत पाच वर्षांखालील बालकांसाठी हा आकडा ५८ टक्क्यांहून अधिक होता. वयोगटातील थोडा फरक गृहीत धरूनही ही तफावत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिरेतील रक्ताला प्राधान्य दिले.

मात्र आकडा अचूक मिळाला तरी कारण कळतेच असे नाही. गर्भवती नसलेल्या महिलेत १२ आणि पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, एवढेच हा आकडा सांगतो. कारणाचा माग अहवालातील इतर रकान्यांत लागतो. तांबड्या पेशींचे आकारमान (एमसीव्ही) ८० पेक्षा कमी असल्यास लोहाच्या कमतरतेचा किंवा थॅलेसेमिया मायनरचा, तर १०० पेक्षा अधिक असल्यास बी-१२ वा फोलेटच्या अभावाचा संशय घेतला जातो. दोन्ही कमतरता एकत्र असतील तर सरासरी 'नॉर्मल' दिसते आणि फसगत होते. लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन संसर्ग वा दाह असताना वाढते. त्यामुळे प्रौढांसाठी एरवी १५ ही किमान मर्यादा मानणारी जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी ७० ची मर्यादा सुचविते.

चुकीच्या अर्थाची किंमत मोठी असते. थॅलेसेमिया मायनर असलेली तरुणी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहते आणि हिमोग्लोबिन ए-२ ची चाचणी होतच नाही. पतीही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. उलटपक्षी, पन्नाशीपुढील पुरुषातील लोहाची कमतरता हा आतड्यातील रक्तस्रावाचा, प्रसंगी कर्करोगाचाही इशारा असू शकतो. गोळ्यांनी आकडा सुधारतो, आजार मात्र आत वाढत राहतो.

२०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात मलेरिया, सिकलसेल, थॅलेसेमिया अशा आहाराशी संबंध नसलेल्या कारणांचाही समावेश आहे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. कागदावर दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर गोळ्यांनी गुण न आलेल्या महिलेची पुढची तपासणी होण्याचा. ती होत नाही तोवर 'गोळ्या नियमित घेतल्या नसतील' हा ठपका तिच्याच माथी बसणार आणि खरे कारण रक्तातच राहणार.