आकडा कितीवर ठेवू?

श्रावणात दाढी न करण्याचा नियम आमच्या टिळकवाडीत अजून बऱ्याच घरांत पाळला जातो. अमावास्या उलटली, की महिनाभर वाढलेली ही मंडळी गणपती घरी यायच्या आत माणसात येण्यासाठी सलूनमध्ये रांगा लावतात. मागच्या श्रावणात आमच्या पुतण्यानेही हौसेने दाढी ठेवली होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गालावर धड केसही नाहीत. पण मित्रांनी ठेवली म्हणून यानेही ठेवली. सलूनमधली गर्दी बघून तो तसाच परत आला आणि मला म्हणाला, "काका, तुमचा तो आकडेवाला रेझर द्या. नऊवर ठेवतो आणि एका हातात सगळं साफ करतो!"

रेझर मी दिला नाही. का दिला नाही, ते पुढे येईलच. पण त्याच्या बोलण्यातला गैरसमज मोठ्या माणसांतही असतो. मिक्सरला जसा एक, दोन, तीन असा वेग असतो, तसाच हा आकडा. जितका मोठा तितकी दाढी गुळगुळीत, असे लोक धरून चालतात. मीही एके काळी तसेच धरून चाललो होतो आणि लग्नाच्या मुंडावळ्या बांधून घेताना हनुवटीला कापसाचा बोळा लावून बसलो होतो. फोटोत तो बोळा अजून दिसतो.

हा आमचा रेझर मुळात आप्पांच्या मामांचा. आप्पा म्हणजे माझे वडील. मामा बोटीवर नोकरीला होते. ते सुट्टीवर येताना वास्कोला उतरत आणि तिथून बेळगावला येत. त्यांच्या पेटीत बाकी काय काय असे ते सांगत नाही, पण हा रेझर मात्र आमच्याकडे राहिला. जाड मूठ, टोकाला घुंडी, ती फिरवली की वर दोन दारे उघडतात आणि आत पाते बसते. मुंडीच्या खाली एक कडे आहे, त्यावर एक ते नऊ आकडे. मुंडीच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात 'एफ' आणि '३' असे कोरले आहे. जिलेट कंपनीने त्या काळी असे खुणेचे अक्षर आणि अंक घातले. 'ए' म्हणजे 1955, मग क्रमाने पुढे. अंक म्हणजे वर्षाची तिमाही. तेव्हा आमचा रेझर 1960 सालच्या तिसऱ्या तिमाहीतला, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आदल्या वर्षीचा. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा रेझर पडला असेल, तर चिमटीत धरून उन्हात बघा. त्याचे वय समजेल.

मुळात दुधारी पात्याचा रेझर निघाला तो किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थामुळे. 1903 मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात 51 रेझर आणि 168 पाती खपली. दुसऱ्या वर्षी हाच आकडा 90,884 रेझर आणि 1,23,648 पाती असा झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले आणि रोज आपल्या हाताने दाढी करण्याची सवय त्या पोरांनी घरी नेली. तोपर्यंत वस्तरा आणि नाभिकाचा हात यांना पर्याय असा फारसा नव्हताच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात असल्यामुळे रोज पहाटे दाढी करणारी माणसे बेळगावकरांना नवी नाहीत. निवृत्त सुभेदार मंडळी ऐंशीव्या वर्षीही सकाळी सातच्या आत चकचकीत असतात, ते याच शिस्तीमुळे.

आकडेवाला रेझर जिलेटने बाजारात आणला तो 1958 साली. जाड मुठीमुळे लोक त्याला 'फॅटबॉय' म्हणू लागले. मग सडपातळ मुठीचा आला, 1969 पासून लांब काळ्या मुठीचा आला आणि ऐंशीच्या दशकात तो प्रकार बंद पडला. तोवर दोन पात्यांचे, फेकून द्यायचे कार्ट्रिज आले होते. आज नवे आकडेवाले मिळतात ते दुसऱ्यांचे. जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या मर्कुर कंपनीचे 'प्रोग्रेस' आणि 'फुटूर' प्रसिद्ध आहेत. आपल्या देशात तयार होणारा पार्करचा 'व्हेरिअंट' आहे. शिवाय चिनी नकला भरपूर.

आता आकड्याचे रहस्य. पाते एक दशांश मिलिमीटर जाडीचे. ते वरच्या टोपीखाली वाकून बसते आणि त्याच्या खाली कातडी अडवणारी एक पट्टी असते. साध्या रेझरमध्ये पाते आणि पट्टी यांच्यातली फट कायमची ठरलेली असते. आकडेवाल्यात कडे किंवा घुंडी फिरवली की पट्टी खाली-वर होते. आकडा वाढवला की फट वाढते, पात्याची धार जास्त उघडी पडते. बस्स, एवढेच. फट मोठी म्हणजे लांब केस आणि साबणाचा फेस त्यात अडकत नाही, एका हातात जास्त केस निघतात. पण त्याच फटीत कातडीही फुगून येते. गालाचा फुगवटा आत शिरला की धार तिथेच लागते. म्हणून लांब वाढलेल्या दाढीला मोठा आकडा आणि रोजच्या खुंटाला लहान आकडा. चांगला आकडा म्हणजे काम भागेल असा सर्वांत लहान आकडा.

आणि एका रेझरवरचे तीन म्हणजे दुसऱ्यावरचे तीन नव्हे. आमच्या जुन्यावर नऊ आकडे, प्रोग्रेसवर पाच, फुटूरवर सहा. मित्र 'मी चारवर करतो' म्हणाला म्हणून आपण चारवर जाऊ नये. नवा रेझर आणला की पहिला आठवडा एक किंवा दोनवरच काढावा. खुंट राहतात असे वाटले तर अर्धा आकडा वाढवावा. एकदम तीन घरे उडी मारायला ही सापशिडी नव्हे.

दारे असलेल्या जुन्या रेझरचा आकडा बदलताना आधी टोकाची घुंडी अर्धा फेरा सैल करावी, मग कडे फिरवावे, मग घुंडी पुन्हा घट्ट करावी. घट्ट असताना कडे पिळले तर आतले भाग झिजतात. मर्कुरच्या प्रोग्रेसला टोपी आणि खालचा भाग यांवर एक-एक बारीक खूण असते. त्या खुणा समोरासमोर आल्या नाहीत तर पाते तिरके बसते. फुटूरची टोपी दाबून बसते आणि ओढून निघते. ओल्या, साबणाच्या हाताने ती ओढताना बोटे धारेकडे असतील तर दाढीआधी बोटच कापेल. टोपी नेहमी दोन आखूड टोकांना धरून काढावी.

वापरण्याच्या बाबतीत आपल्या सलूनवाल्यांकडे नीट बघावे. आपण उजव्या हाताकडे बघतो, पण अर्धी कला त्यांच्या डाव्या हातात असते. डाव्या अंगठ्याने ते कातडी ताणून धरतात आणि ताणलेल्या कातडीवरूनच पाते फिरवतात. घरी हेच करायचे. टोपी आधी गालाला टेकवावी, मूठ हळूहळू खाली आणावी आणि धार लागते आहे असे वाटले की तोच कोन धरून लहान लहान हात मारावेत. दाबायचे नाही. कार्ट्रिजची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास दाबतो आणि मग दोष रेझरला देतो. रेझरचे वजन पुरते. आधी केसांच्या दिशेने करावे. 'उलटी मारू का?' असे सलूनमध्ये विचारतात ती उलटी दाढी कातडीला सोसत असेल तरच, पुन्हा फेस लावून आणि आकडा कमी करून. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते. आधी बोट फिरवून ती बघून घ्यावी. मानेवर पुटकुळ्या येणाऱ्यांनी उलटीच्या वाटेला जाऊच नये.

फेसाचे म्हणाल तर पाणी महत्त्वाचे. टिळकवाडीत जुन्या घरांना विहिरी आहेत, आणि ज्या विहिरीचे पाणी जड आहे तिथे साबण नुसता फुटतो. तिथे दाढीपुरते नळाचे पाणी तांब्यात बाजूला काढून ठेवावे. आमच्या आई हा तांब्या 'आप्पांचा' म्हणून वेगळाच ठेवत असे.

आता आप्पांचेच सांगतो. आप्पांना हृदयाच्या दुखण्यानंतर रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. हातही थोडा थरथरतो. तरी दाढी आपल्या हाताने आणि रोज. एके सकाळी जबड्याच्या कडेला कापले आणि रक्त थांबेना. तुरटीचा खडा फिरवून झाला, हळद लावून झाली. शेवटी स्वच्छ फडके एका जागी न उचलता दहा-पंधरा मिनिटे दाबून धरले तेव्हा थांबले. आम्ही दर अर्ध्या मिनिटाला फडके उचलून 'थांबलं का?' बघत होतो, तीच चूक होती. मला वाटले, आकडेवाला रेझर एकवर ठेवून द्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, "एकवर काय आणि अर्ध्यावर काय, धार ती धारच. या गोळ्या चालू असताना विजेवरचं मशीन वापरा. आणि कापलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका." आप्पा चार दिवस रुसले. "हे काय गवत कापायचं यंत्र आणलंस!" म्हणाले. आता वापरतात, पण आधी ब्रशने फेस करून घेतल्याशिवाय त्यांना दाढी केल्यासारखे वाटत नाही. शेवटी फेसातही चालणारे मशीन आणून दिले.

पुतण्याला रेझर का दिला नाही, त्याचे कारणही त्याच डॉक्टरांनी त्या दिवशी बोलता बोलता सांगितले होते. घरात एकच आकडेवाला रेझर ठेवायचा, बापाने दोनवर करायची, मुलाने चारवर, असा काटकसरीचा विचार माझ्या डोक्यात होता. पण 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातूनही तो पसरतो, आणि 'क' काविळीलाही तीच वाट. पाते बदलले म्हणून मुंडीच्या फटीतला मळ जात नाही. भाऊ-भाऊ, बाप-लेक, कोणीही असोत, रेझर प्रत्येकाचा वेगळा हवा. सलूनमध्येही नवे पाते आपल्यासमोर मोडून घालतात की नाही ते बघावे. विचारायला संकोच करू नये. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

विकत घेताना काय बघावे? मी एक स्वस्त नक्कल टपालाने मागवली होती. दिसायला झकास. पण एका बाजूने दाढी व्हायची आणि दुसऱ्या बाजूने जळजळ. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. त्यांनी रेझर हातात घेतला, खिशातून फीलर गेज काढले आणि दोन्ही बाजूंच्या फटीत घालून बघितले. जे पान डावीकडे सहज गेले ते उजवीकडे शिरेचना. "हा रेझर नव्हे, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार आहे," म्हणाले. फीलर गेज सगळ्यांकडे नसते, पण डोळे असतात. पाते घालून रेझर उजेडासमोर आडवा धरावा. दोन्ही बाजूंना धार सारखी बाहेर आली आहे का, फट टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे का, हे सहज दिसते. कडे फिरवल्यावर ते जागेवर ठाम बसले पाहिजे. साबणाच्या हाताने आपोआप सरकत असेल तर दुकानातच परत द्यावे. मूठ खरबरीत हवी. पितळ किंवा स्टीलचा असेल तर पिढ्या जातील. जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेलाही चालतो, फक्त मुलामा उडाला की आतला धातू लवकर खराब होतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात तो पुसून कोरडा ठेवावा.

आणि खरे सांगायचे तर हा रेझर सगळ्यांना लागतही नाही. रोज दाढी करणाऱ्याला साधा, आकड्याविनाचा रेझर भरपूर झाला. ज्याची दाढी कधी रोज, कधी आठवड्याने, कधी श्रावणानंतर, त्याला आकडे उपयोगी पडतात.

पुतण्याला मी खडे बाजारातून साधा रेझर आणि वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार पात्यांची पाकिटे आणून दिली. पातेही प्रत्येकाच्या कातडीला वेगळे मानवते, आणि ही तपासणी स्वस्तात होते. आधी कात्रीने दाढी बारीक करून घे म्हटले. अर्धा तास लागला, पण कापले नाही. वापरलेले पाते तो केराच्या बादलीत टाकायला निघाला होता, त्याला थांबवले. पूर्वी बोथट पाते काचेच्या पेल्याच्या आतून घासून पुन्हा चालवत, त्यामुळे ती फारशी केरात जातच नसत. आता चार-पाच दाढ्यांनंतर टाकतो, आणि सकाळी कचरा गोळा करायला येणाऱ्या बाईंचा हात त्याच पिशवीत जातो. औषधाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून तो आमच्या न्हाणीत ठेवला आहे. दोन-तीन वर्षे तरी भरत नाही. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' असे लिहून हातात द्यायचा.