सरकपट्ट्यांचा मुलूख
विद्युत गिटारच्या ध्वनीला इष्ट वळण देण्यासाठी इक्वलायझर पेडल घेऊ पाहणारा वादक केवळ सरकपट्ट्यांच्या संख्येवरून त्याच्या योग्यतेचा जो निवाडा करतो, तो मला ग्राह्य वाटत नाही. कारण एमएक्सआर या ब्रँडच्या दहा पट्ट्यांच्या पेडलचा अंमल 31.25 हर्ट्झपासून 16 किलोहर्ट्झपर्यंत चालत असला, तरी गिटारची सर्वांत खर्जातली तार 82 हर्ट्झच्या आसपास बोलते आणि गिटारच्या अँप्लिफायरचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो, तेव्हा दोन्ही टोकांची ती जहागीर बव्हंशी नापीकच राहते. त्या मानाने बॉस या ब्रँडच्या जीई-7 पेडलमधील 100 हर्ट्झ ते 6.4 किलोहर्ट्झ हा सात पट्ट्यांचा मुलूख, प्रत्येकीस 15 डेसिबल चढउताराची मुभा असलेला, या वाद्याच्या प्रकृतीस अधिक अनुरूप आहे. त्यातली 800 हर्ट्झची एकच पट्टी किंचित वर सरकवली, की ड्रम आणि बास यांच्या कल्लोळातूनही सुरावट किती निःसंदिग्धपणे वर येते! मात्र पेडल डिस्टॉर्शनच्या आधी जोडल्यास कोणत्या कंप्रता अधिक फाटाव्यात हे ठरते, आणि नंतर जोडल्यास फाटून आलेल्या ध्वनीची घडण तेवढी बदलते. सबब आपल्याच अँप्लिफायरवर ते दोन्ही जागी वाजवून पाहिल्यावाचून किंमत चुकती करू नये.