मंचावरचा नाच आणि लग्नातले रिंगण

परवा कॅनडातल्या एका युक्रेनी नृत्यवर्गाची चित्रफीत पाहत होतो. एका सभागृहात पाच-सहा वर्षांची मुले भरतकाम केलेले सदरे घालून रांगेत उभी होती. कुणाचा डावा पाय पुढे, कुणाचा उजवा. मागे खुर्च्यांवर आज्या बसलेल्या. यातल्या किती मुलांना युक्रेनी भाषा बोलता येत असेल, असा प्रश्न मनात आला. आणि भाषाच येत नसेल, तर हा नाच शिकून नेमके काय राखले जाते?

प्रश्न आपल्याला नवा नाही. धालो-फुगडी मांडावरून मंचावर आली, तिच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हापासून "मंचावर गेली ती मेली" असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच. युक्रेनी मंडळींची हकिगत वाचत गेलो आणि हे मत डळमळीत झाले. का, ते सांगतो.

१८९१ पासून गालिसिया आणि बुकोव्हिना या भागांतले शेतकरी कॅनडाच्या माळरानावर येऊन वसू लागले. लग्नात नाचायचे नाच त्यांनी सोबत आणलेच होते. पण मंडळ काढून, तालमी घेऊन, मंचावर नाचायची रीत तिथे रुजवली ती प्रामुख्याने वासिल आव्रामेन्को या माणसाने. पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र युक्रेनचा डाव मोडला आणि त्याचे सैनिक पोलंडमधल्या छावण्यांत अडकून पडले. त्यांपैकी कालिश इथल्या छावणीत आव्रामेन्कोने १९२१ मध्ये नृत्यशाळा काढली. हरलेले सैनिक काटेरी तारांच्या आत नाच शिकत होते! १९२५ च्या अखेरीस तो कॅनडात आला आणि गावोगाव वर्ग घेत फिरला. एका गावात शिकवायचे, कार्यक्रम बसवायचा, तिथलाच कुणी शिक्षक तयार करायचा आणि पुढच्या गावाला निघायचे. या वर्गांना जागा मिळाली ती 'नारोद्नी दिम'मध्ये. म्हणजे शब्दशः लोकांचे घर, वर्गणी काढून बांधलेले.

त्याच सुमारास मायदेशात काय चालले होते? वासिल वेर्खोविनेत्स या संगीतकाराने खेड्यापाड्यांतले नाच पाहून त्यांची पावले टिपली आणि युक्रेनी लोकनृत्याचे शास्त्र मांडणारे पुस्तक लिहिले. १९३७ मध्ये पाव्लो विर्स्की आणि मिकोला बोलोतोव्ह यांच्या हाताखाली सरकारी लोकनृत्यपथक उभे राहिले. १९३८ मध्ये वेर्खोविनेत्सला गोळी घालण्यात आली. बांडुरा या तंतुवाद्याला नवे शास्त्र देणारा ह्नात खोत्केविच, त्यालाही त्याच वर्षी. नाच सरकारला हवा होता, नाचाची मुळे शोधणारा माणूस नको होता. विर्स्कीच्या कलेबद्दल मला आदरच आहे. पण 'जतन' हा शब्द ऐकला की ते कोण करते आहे हे आधी विचारावे, एवढे यातून शिकलो.

बांडुरावादकांचेही असेच. १९१८ मध्ये कीव्हमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या वृंदाची परंपरा चालवणारे कलाकार दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागले आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला पोहोचले. तो वृंद आजही गातो आहे.

नुकसान झाले नाही, असे मी म्हणत नाही. मंचावर आला की नाच प्रेक्षकांकडे तोंड करतो. ओळी सरळ होतात, उड्या उंच होतात, आणि एका गावाची चाल दुसऱ्या गावाहून वेगळी होती हे विसरले जाते. गंमत अशी की सोव्हिएत राजवटीला कंटाळून परदेशी गेलेल्यांच्या मंडळांनीही पुढे विर्स्कीच्या पथकाचीच शैली उचलली. आणि भाषा? २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या साडेबारा लाखांवर लोकांनी आपले मूळ युक्रेनी असल्याचे नोंदवले. घरात युक्रेनी बोलणारे त्यातले फार थोडे. नाच भाषेची जागा घेऊ शकत नाही.

मग माझे मत कशाने बदलले? कोलोमिय्काने. कॅनडातल्या युक्रेनी लग्नांत रात्री पाहुणे मोठे रिंगण करतात. एकेक जण किंवा टोळके मधे शिरते, उकिडवे बसून पाय फेकते, गिरक्या घेते, आणि दुसऱ्याला जागा देऊन मागे सरते. त्यातली कितीतरी कसब लहानपणी वर्गात आणि मंचावर शिकलेली असतात. म्हणजे लग्नातून मंचावर गेलेला नाच मंचावरून पुन्हा लग्नात आला. तालमीचे सार्थक मला यात दिसते.

याच्या उलट उदाहरण युक्रेनमध्येच आहे. निप्रोपेत्रोव्स्क भागातली कोझाक गाणी युनेस्कोने २०१६ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घातली. ती गाणारे गट अस्सल, गावातलेच. पण गाणारे वयस्क, आणि शिकायला नवी पिढी पुरेशी नाही. मूळ जागी आहे एवढ्यानेच कला जगत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने पूर्ण आक्रमण केल्यानंतर सुमारे तीन लाख युक्रेनी कॅनडात आले. त्यांना भाषा येते, पण घर सुटले आहे. तिथल्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या पणतवंडांना पावले येतात, भाषा सुटली आहे. दोघांनी एकत्र बसावे अशी जागा कुठली, तर तेच सभागृह आणि तीच तालीम.

म्हणून मांड की मंच, हा वाद मला आता दुय्यम वाटतो. कार्यक्रम संपल्यावर नऊवारी परत पेटीत जाते, की पुढच्या पौषात त्यातली एखादी मुलगी आपणहून मांडावर उतरते? आपल्या फुगडी मंडळांनी बक्षिसांबरोबर याचाही हिशेब ठेवावा. आणि गाणे पाठ करून घेताना त्याचा अर्थही सांगावा. तेवढे काम मागच्या खुर्चीवर बसलेल्या आजीला सहज जमेल.