फुकट आणि मुक्त

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात कृष्णेचे पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ निकामी झाले. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती, ते कायमचे गेले. आज माधवनगरच्या यंत्रमाग कामगाराची भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे, सभासदांची नोंदवही, दाव्यांची टाचणे संघटनेच्या लॅपटॉपवर गेली आहेत. कपाटाला कुलूप तरी होते. ही डिस्क मात्र एखाद्या दिवशी पूर्वसूचना न देता बंद पडते. हानी होते ती थकबाकीसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या माणसाची.

नुसत्या फायली उतरवून ठेवल्या तर मजकूर वाचतो. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली तर कार्यप्रणाली, प्रोग्रॅम आणि मांडणी यांसह सारे काही नव्या डिस्कवर जसेच्या तसे उभे राहते. या कामासाठी सॉफ्टवेअर निवडताना ‘फुकट कोणते?’ एवढेच विचारले जाते. हा प्रश्न अपुरा आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती लोकप्रिय होती. १ जानेवारी २०२४ पासून तिची सुरक्षाविषयक दुरुस्ती थांबली. नॉर्टन घोस्ट २०१३ सालीच बंद झाले. यात कंपन्यांचा गुन्हा नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी पाणपोई त्याच्याच मर्जीने बंद होते, इतकेच.

तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेल्या क्लोनझिलाची गोष्ट निराळी आहे. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली असून ती वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. मूळ कर्त्यांनी उद्या हात काढून घेतला, तरी इतरांना ते काम पुढे नेता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या चळवळीचे हेच सार आहे. दान आणि हक्क यांतील फरक समाजवादी कार्यकर्त्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

क्लोनझिला वापरायला अवघड आहे, हा आक्षेप खरा आहे. त्याचा पडदा केवळ अक्षरांचा; चुकीची डिस्क निवडली तर तीवरील सारे पुसले जाते; नवी डिस्क सहसा मूळ डिस्कहून लहान चालत नाही. त्यावर रेस्क्यूझिला हा सोपा, चित्रमय आणि तितकाच मुक्त पर्याय आहे. रोजच्या रोज केवळ बदललेला भाग साठवायचा असेल, तर मात्र दुसरे साधन शोधावे लागेल.

साधन कोणतेही घेतले तरी काही पथ्ये टळत नाहीत. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवावी. प्रतिमेत सभासदांची खासगी माहिती असते, म्हणून तिलाही कुलूप हवे. बाहेरची डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात न ठेवता विट्यासारख्या, कृष्णेच्या पुरापासून दूर असलेल्या गावी ठेवावी. आणि वर्षातून एकदा तरी एखाद्या रिकाम्या डिस्कवर ती प्रतिमा उतरवून पाहावी. संघटनेच्या वार्षिक हिशेबतपासणीच्या दिवशीच हे काम उरकण्याचा ठराव प्रत्येक शाखेने करावा.